सायंमहाविद्यालय आणि गणकयंत्र : लंडनच्या बर्कबेक कॉलेजातील एक प्रकरण (१९४६–१९६२)

गणकयंत्रविद्येच्या इतिहासावर इंग्रजीत पुष्कळ लेखन झाले आहे. ब्रिटनपुरते बोलावयाचे तर त्यातील बहुतेक ग्रंथांत तीन स्थळांचे वर्णन विस्ताराने येते. स्मृतीत साठविलेली आज्ञावली १९४८ च्या जूनमध्ये जेथे प्रथम चालविली गेली ते मँचेस्टर विद्यापीठ. १९४९ च्या मे महिन्यात जेथे एडसॅक हे यंत्र सुरू झाले ते केंब्रिज. आणि ट्यूरिंग यांच्या आराखड्यावरून जेथे १९५० मध्ये पायलट एस उभे राहिले ती टेडिंग्टनची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा. चौथे एक स्थळ आहे, त्याची बोळवण बहुधा एका परिच्छेदात होते. ते म्हणजे लंडनचे बर्कबेक कॉलेज. हे कॉलेज संध्याकाळी भरत असे आणि दिवसा पोटापाण्याचा उद्योग करणाऱ्यांसाठीच ते होते. या उपेक्षेचे कारण केवळ यंत्राचा आकार किंवा वेग हे नसावे. संध्याकाळी जे शिकविले जाते ते दिवसा शिकविल्या जाणाऱ्या विद्येची पातळ केलेली आवृत्ती असते, असा एक समज विद्वानांच्या मनात खोलवर रुजलेला आहे, आणि इतिहासकारही त्यापासून मुक्त नाहीत. निदान गणकयंत्राच्या बाबतीत हा समज उलटा ठरतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय स्थापिले, तेव्हा वर्ग सकाळी लवकर ठेवले ते विद्यार्थ्यांना दिवसा नोकरी करता यावी म्हणूनच. अशा संस्थांचा गौरव आपण समाजकार्य म्हणून करतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांतून नवे ज्ञान निर्माण झाले काय, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. बर्कबेकचे प्रकरण नेमके त्या प्रश्नाशी भिडते.

कॉलेजचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. जॉर्ज बर्कबेक हे वैद्य. ग्लासगोच्या अँडरसन संस्थेत अध्यापक असताना त्यांनी १८०० च्या सुमारास यंत्रकारागिरांसाठी व्याख्याने दिली होती. १८२३ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या स्ट्रँड भागातील 'क्राउन अँड अँकर' या खाणावळीत मोठी सभा भरली, आणि त्यातून त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'लंडन मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन' ही संस्था जन्मास आली. कारागिरांना विज्ञान शिकविल्यास ते राजसत्तेस डोईजड होतील, अशी ओरड त्या काळच्या सनातनी पक्षाने केली. तरीही संस्था टिकली. १८३० मध्ये तिने स्त्रियांना प्रवेश दिला. १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने कोणत्याही कॉलेजात नाव नसलेल्यांनाही पदवीपरीक्षांस बसण्याची मुभा दिली, आणि या सायंवर्गांना पदवीचे दार उघडले. सिडनी वेब हे येथील विद्यार्थी. दिवसा कचेरीत काम आणि संध्याकाळी वर्ग, अशा रीतीने शिकलेल्या या गृहस्थांनी १८९५ मध्ये ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तेथेच पुढे डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लिहिला. हा धागा जाताजाता नोंदवून ठेवण्याजोगा आहे. लंडन विद्यापीठाच्या पुनर्रचनेचा विचार करणाऱ्या हाल्डेन आयोगाने सायंकालीन व अर्धवेळ विद्यार्थ्यांसाठी बर्कबेक हेच स्वाभाविक स्थान होय असा अभिप्राय १९१३ मध्ये दिला, आणि १९२० मध्ये कॉलेज विद्यापीठाचे अंग बनले. अट एकच, शिक्षण संध्याकाळचे असावे.

ही अट म्हणजे कमीपणा असे अनेकांना वाटले. तिचा एक परिणाम मात्र फारसा कोणाच्या ध्यानी आला नाही. अध्यापन संध्याकाळी सहापासून नऊपर्यंत. म्हणजे अध्यापकांचा दिवस मोकळा. इतर कॉलेजांतील प्राध्यापकाला संशोधनासाठी उरलासुरला वेळ मिळे. येथे उलट, भर दिवसाचा प्रकाश संशोधनास मिळत असे. विद्यार्थी दिवसा राबत आणि संध्याकाळी शिकत. अध्यापक दिवसा शोधीत आणि संध्याकाळी शिकवीत. स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल १९३८ मध्ये येथे भौतिकीचे प्राध्यापक झाले. त्यांनी महायुद्धानंतर टॉरिंग्टन स्क्वेअरमधील दोन जुन्या घरांत प्रयोगशाळा थाटली, ती या व्यवस्थेचा पुरेपूर लाभ घेऊनच. रोझालिंड फ्रँकलिन यांनी आपल्या आयुष्याची अखेरची पाच वर्षे, म्हणजे १९५३ ते १९५८, याच प्रयोगशाळेत विषाणूंच्या संशोधनात घालविली.

गणकयंत्र येथे आले ते स्फटिकांच्या मागोमाग. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकातील अणूंची मांडणी शोधावयाची तर छायाचित्रावरील ठिपक्यांची तीव्रता मोजून त्यावरून लांबलचक श्रेढींची बेरीज करावी लागते. एकेका बिंदूसाठी शेकडो पदे, आणि असे हजारो बिंदू. १९३६ पासून बीव्हर्स व लिप्सन यांच्या कागदी पट्ट्या या कामी वापरात होत्या. इष्ट पट्ट्या पेटीतून काढून शेजारी शेजारी मांडावयाच्या, आकडे मिळवावयाचे, पट्ट्या परत पेटीत ठेवावयाच्या. एका रेणूची रचना उलगडण्यास महिने लागत, प्रसंगी वर्षेही. अँड्र्यू डोनाल्ड बूथ या तरुण भौतिकीतज्ज्ञाला हे कष्ट प्रत्यक्ष ठाऊक होते. युद्धकाळात बर्मिंगहॅम येथे स्फोटक पदार्थांच्या स्फटिकांवर काम करून त्याने डॉक्टरेट मिळविली होती, आणि नंतर वेल्विन गार्डन सिटी येथील ब्रिटिश रबर उत्पादकांच्या संशोधनसंस्थेत तो याच कामास लागला होता. १९४६ च्या सुमारास तो बर्नाल यांच्याकडे आला. रबर-संस्थेशी त्याचा संबंध मात्र सुटला नाही, आणि त्याचे पहिले यंत्र त्या संस्थेच्याच आश्रयाने वेल्विन येथे उभे राहिले.

या यंत्राचे नाव 'ऑटोमॅटिक रिले कॅल्क्युलेटर', संक्षेपाने ए.आर.सी. टेलिफोनच्या यंत्रणेत वापरले जाणारे रिले हे त्याचे घटक. जुळणीचे काम मुख्यतः दोन स्त्रियांनी केले, कॅथलीन ब्रिटन आणि झेनिया स्वीटिंग. पैकी कॅथलीन ब्रिटन यांचे नाव या इतिहासात बूथ यांच्या बरोबरीने घ्यावे लागते. त्या गणिताच्या पदवीधर. फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रात काम करून त्या रबर-संस्थेत आल्या. पुढे १९५० मध्ये त्यांनी उपयोजित गणितात डॉक्टरेट मिळविली आणि त्याच वर्षी त्यांचा बूथ यांच्याशी विवाह झाला.

१९४७ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने बूथ व ब्रिटन हे दोघे अमेरिकेस गेले आणि प्रिन्स्टन येथे जॉन फॉन नॉयमन यांच्या सान्निध्यात काही महिने राहिले. आज्ञा व संख्या यांना एकाच स्मृतीत स्थान द्यावे ही फॉन नॉयमन यांची कल्पना घेऊन ते परतले, आणि वेल्विनचे यंत्र त्यांनी तीनुसार नव्याने योजिले. प्रश्न उरला तो स्मृतीचा. मँचेस्टरचे संशोधक ऋणकिरण-नलिकांच्या पडद्यावर विद्युद्भार साठवीत होते. केंब्रिजच्या संशोधकांनी पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून ध्वनिलहरी फिरत्या ठेवल्या होत्या. दोन्ही उपाय खर्चाचे व नाजूक, आणि दोन्हींच्या मागे युद्धकालीन रडार-संशोधनाचा अनुभव व साधनसामग्री उभी होती. बर्कबेकजवळ यांपैकी काहीच नव्हते. तेथे अभियांत्रिकीची शाखा नव्हती, पैसा नव्हता, जागासुद्धा अपुरी होती. १९४१ च्या बाँबहल्ल्यांत कॉलेजचे ग्रंथालय जळाले होते.

तेव्हा बूथ यांनी स्वस्त वस्तूंकडे दृष्टी वळविली. प्रथम त्यांनी चुंबकीय लेप दिलेली कागदी तबकडी वेगाने फिरवून तिच्यावर अंक साठविण्याचा प्रयत्न केला. तबकडी थरथरू लागे व वाचनशिराला घासे, प्रयत्न फसला. पंचवीस वर्षांनी 'फ्लॉपी' या नावाने जे साधन जगभर पसरले त्याचे बीज या फसलेल्या प्रयोगात होते असे म्हटले जाते. ते अंशतः खरे असले तरी अशा मागाहून जोडलेल्या वंशावळींना फार महत्त्व देऊ नये असे आम्हांस वाटते. दुसरा प्रयत्न निकलचा मुलामा दिलेल्या लहानशा पितळी दंडगोलाचा, म्हणजे चुंबकीय ड्रमचा. पहिला ड्रम अवघा दोन इंच व्यासाचा होता. १९४८ मध्ये तो यंत्रास जोडला गेला आणि चालला.

याच दारिद्र्याची दुसरी निष्पत्ती गुणाकाराची रीत ही होय. आजही संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'बूथची रीत' शिकावी लागते. द्विमान पद्धतीत गुणकातील प्रत्येक १ या अंकासाठी एकेक बेरीज करावी लागते. एका ओळीत अनेक १ आले की अनेक बेरजा. बूथ यांनी १९५० मध्ये असे सुचविले की, अशा ओळीच्या एका टोकाशी एक वजाबाकी व दुसऱ्या टोकापलीकडे एक बेरीज केली म्हणजे पुरे. मधल्या अंकांपाशी केवळ सरकावे. मराठी वाचकास ही कल्पना मुळीच नवी वाटू नये, कारण ती आपल्या संख्यानामांतच बसलेली आहे. एकोणतीस म्हणजे तिसात एक उणा. एकोणतिसाची सात पट काढताना तीस साते दोनशेदहा म्हणून त्यातून सात वजा करणारा पंतोजी याच मार्गाने जात होता. या रीतीने ऋण संख्यांसाठी वेगळी दुरुस्ती करण्याचे कारणही उरले नाही, आणि यंत्राची घडण सोपी झाली. सोपी म्हणजेच स्वस्त.

यानंतर नॉर्बर्ट किट्झ या संशोधक विद्यार्थ्याने 'सिम्पल इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर' नावाचे लहानसे इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधले. नावातच 'साधे' असा शब्द आहे, हे लक्षात घ्यावे. (पुढे १९६१ मध्ये बाजारात आलेल्या अनिता या पहिल्या सर्व-इलेक्ट्रॉनिक मेजावरील गणकाचा मुख्य योजक हाच.) त्यामागून एपेक्सी या नावाची यंत्रमाला आली. इंग्रजी नावातील एक अक्षर ज्याच्यासाठी यंत्र बांधावयाचे त्याप्रमाणे बदलत असे. पहिले यंत्र रेयॉन-संशोधन संस्थेसाठी १९५२ मध्ये पुरे झाले. यंत्रांचे सुटे भाग वॉरिकशायरमधील फेनी कॉम्प्टन या खेड्यात, बूथ यांच्या वडिलांच्या देखरेखीखाली एका कोठारात तयार होत. विद्यापीठीय संशोधनाचे हे चित्र केंब्रिजच्या चित्राहून किती निराळे!

ड्रमवरील स्मृती स्वस्त खरी, परंतु मंद. एपेक्सीचा ड्रम मिनिटास ३,७५० फेरे घेई, म्हणजे एका फेऱ्यास १६ सहस्रांश सेकंद लागत. हवा तो शब्द वाचनशिराखाली येईपर्यंत सरासरीने त्याच्या निम्मा वेळ थांबणे भाग होते. रहाटगाडग्याचे एक गाडगे हातचे निसटले की पूर्ण फेरी होईपर्यंत ते पुन्हा हाती लागत नाही, तशीच ही स्थिती. यावर तोडगा असा काढला होता की, प्रत्येक आज्ञेतच पुढची आज्ञा कोठे आहे तो पत्ता नोंदवावयाचा. आज्ञावली लिहिणाऱ्याने एक क्रिया पुरी होण्यास किती वेळ लागेल आणि तेवढ्यात ड्रम किती फिरेल याचा हिशेब करून पुढची आज्ञा बरोबर त्या ठिकाणी ठेवावयाची. चतुर लेखकाची आज्ञावली भोळ्या लेखकाच्या आज्ञावलीपेक्षा कित्येक पट वेगाने चालत असे. सारांश, यंत्रावर जो पैसा वाचविला होता तो मनुष्याच्या बुद्धीतून वसूल करावयाचा होता.

आणि म्हणूनच शिकविणे हा येथे यंत्राचाच एक भाग झाला. कॅथलीन बूथ यांचे खरे कार्य हे आहे. १९४७ मध्येच त्यांनी ए.आर.सी. यंत्रासाठी आज्ञालेखनाची एक संक्षिप्त चिन्हपद्धती रचली होती. यंत्रास समजणारे शून्य-एकांचे शब्द लिहिण्याऐवजी 'अमुक स्थानची संख्या गणनकोशात आणावी' असा अर्थ अक्षरांनी व बाणांनी मांडावयाचा. अशा चिन्हभाषांचा हा अगदी आरंभीचा नमुना समजला जातो. १९५३ मध्ये पतिपत्नींनी मिळून 'ऑटोमॅटिक डिजिटल कॅल्क्युलेटर्स' हा ग्रंथ लिहिला, आणि १९५८ मध्ये कॅथलीन यांचे 'प्रोग्रॅमिंग फॉर अॅन ऑटोमॅटिक डिजिटल कॅल्क्युलेटर' हे स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध झाले. दरम्यान १९५७ मध्ये कॉलेजात 'न्यूमरिकल ऑटोमेशन' या नावाचा स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. 'संगणकशास्त्र' हे नाव तेव्हा रूढ झालेले नव्हते. संख्याकर्माचे स्वयंचलन हे नाव त्या मानाने अधिक नेमके होते, असे म्हणावयाचा मोह होतो.

येथे केंब्रिजशी तुलना अपरिहार्य आहे. केंब्रिजने १९५३ मध्येच संख्यात्मक विश्लेषण व स्वयंचलित गणन यांचा पदविका-अभ्यासक्रम सुरू केला होता, अग्रमान त्याचाच. पण तो वर्षभराचा पूर्णवेळ अभ्यासक्रम होता. ज्याला वर्षभर नोकरी सोडणे शक्य होते, किंवा ज्याचा मालक त्याला पाठविण्यास राजी होता, त्यालाच तो साध्य. बर्कबेकचा विद्यार्थी दिवसा सरकारी खात्यात, विमा कंपनीत, शाळेत किंवा कारखान्याच्या प्रयोगशाळेत असे. जुन्या शास्त्रांत या दोघांतील अंतर मोठे असते. रसायन किंवा ग्रीक भाषा यांची परंपरा शतकांची. जो दिवसभर तिच्यात बुडून राहतो तो पुढे जातो आणि संध्याकाळचा विद्यार्थी मागे पडतो. परंतु १९५७ मध्ये आज्ञावली लिहिण्याची विद्या दहा वर्षांची होती. तिच्यात पारंगत असे पदवीधर कोठेच नव्हते. ज्या कचेऱ्यांत पंचकार्डांची यंत्रे होती त्यांतच गणकयंत्रे येऊ घातली होती, आणि ती चालविण्याचे काम तेथे आधीपासून असलेल्या माणसांच्याच अंगावर पडणार होते. व्यवसाय आणि त्याचे शास्त्र एकाच वेळी वाढत होते. अशा विद्येचे स्वाभाविक शिक्षण दिवसा यंत्रापाशी व संध्याकाळी फळ्यापाशी व्हावे, यात गौण असे काय आहे?

या कॉलेजात विद्याशाखांच्या भिंतीही ठेंगण्या होत्या, त्याचा प्रत्यय दुसऱ्या एका कामात येतो. रॉकफेलर प्रतिष्ठानाचे वॉरन वीव्हर यांनी बूथ यांना सांगितले होते की, केवळ गणितासाठी यंत्र बांधण्यास पैसा मिळणे कठीण; भाषांतरासारख्या नव्या उपयोगाचा विचार करावा. त्यातून बर्कबेकमध्ये यांत्रिक भाषांतराचे संशोधन सुरू झाले आणि १९५५ मध्ये त्याचे प्रात्यक्षिकही झाले. १९५८ मध्ये बूथ यांनी ब्रँडवुड व क्लीव्ह या सहकाऱ्यांसह जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात फ्रेंच व जर्मनचे भाषांतर आहे, अंधांसाठी ब्रेल लिपीत लिप्यंतर आहे, आणि प्लेटोच्या संवादांचा कालानुक्रम वाक्यांती येणाऱ्या ऱ्हस्वदीर्घ अक्षरांच्या गणनेने ठरविण्याचा प्रयत्नही आहे. इतक्या तोकड्या स्मृतीच्या यंत्रावर भाषांतर साधणार नव्हते, आणि साधलेही नाही. प्लेटोविषयक काम मात्र टिकले. ब्रँडवुड यांचे नाव आज ग्रीक अभ्यासकांस परिचित आहे ते त्यामुळे.

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो गंभीर आहे. सायंवर्गांचा मार्ग निर्दय होता. ब्रिटनमध्ये १९२१ पासून तांत्रिक शिक्षणाची 'नॅशनल सर्टिफिकेट' पद्धती चालू होती. दिवसभर कारखान्यात राबून आठवड्यातून तीन तीन संध्याकाळी वर्गांस जाणारी तरुण मुले तिच्यावर अवलंबून होती. १९५९ च्या क्राउदर अहवालाने या पद्धतीतील गळती आकडेवारीने उघड केली. आरंभ करणारांपैकी वरच्या प्रमाणपत्रापर्यंत पोहोचणारे फारच थोडे होते, आणि नेमल्या मुदतीत पोहोचणारे त्याहूनही थोडे. त्यापूर्वी १९५६ च्या सरकारी श्वेतपत्रिकेनेही कामगारांस पगारी सुटी देऊन दिवसा शिकविण्याचा पुरस्कार केला होता. बर्कबेकच्या थोरवीने ही गळती झाकली जाऊ नये. पण या अहवालांनी दोष दिला तो थकलेल्या शरीरास पुरेसा वेळ न देणाऱ्या व्यवस्थेला. संध्याकाळी शिकविली जाणारी विद्या खालच्या प्रतीची असल्याचे त्यांनी म्हटले नाही. हा भेद पुढील धोरणकर्त्यांनी राखला नाही.

आता भारताशी असलेला संबंध सांगावयाचा. पंचकार्डांची यंत्रे बनविणाऱ्या ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीला १९५० च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या धंद्यात उतरावयाचे होते, परंतु तिच्याजवळ आराखडा नव्हता. १९५१ च्या आरंभी तिचे रेमंड बर्ड प्रभृती तंत्रज्ञ फेनी कॉम्प्टनच्या त्या कोठारात गेले, काही दिवस राहिले, बूथ यांच्या विद्युन्मंडलांच्या आकृत्या उतरवून घेतल्या, आणि लेचवर्थला परत येऊन त्यांनी त्याच वर्षअखेर आपले यंत्र उभे केले. त्याचे नाव 'हॉलेरिथ इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर', संक्षेपाने एच.ई.सी. १९५३ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया येथील व्यापारी प्रदर्शनात ते लोकांस दाखविण्यात आले. या घराण्यातील एच.ई.सी. ४ हे यंत्र १२०१ या क्रमांकाने बाजारात आले आणि जवळजवळ शंभर विकले गेले. त्या काळी ब्रिटनमध्ये एवढा खप थोड्याच यंत्रांचा झाला. केंब्रिज आणि मँचेस्टर यांच्या यंत्रांची कीर्ती मोठी खरी, पण सामान्य कचेरीत, पगारपत्रके व साठ्याचे हिशेब करीत, जे यंत्र जाऊन बसले ते सायंमहाविद्यालयातील आराखड्यावरचे.

त्या आधीच्या एच.ई.सी. २एम या नमुन्याची मोजकीच यंत्रे तयार झाली. त्यांपैकी एक प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये आले. भारतात बसविले गेलेले हे पहिले अंकीय गणकयंत्र. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची आखणी तेव्हा ऐन रंगात होती, आणि तिच्या गणिती पायाचे काम याच संस्थेत चालले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंडळी त्याच सुमारास आपले स्वतःचे यंत्र बांधीत होती. त्याची लहान प्रतिकृती १९५६ मध्ये व पूर्ण यंत्र १९६० मध्ये सुरू झाले, आणि १९६२ मध्ये त्याचे टिफ्रॅक असे नामकरण झाले. मुंबईच्या यंत्राची कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. कलकत्त्याच्या यंत्राचा उल्लेख 'इंग्लंडहून विकत आणलेले' एवढाच होतो. ते कोणत्या इंग्लंडहून आले, हे विचारले तर उत्तर निराळे मिळते. गरीब कॉलेजात कमी पैशांत जे सुचले, ते गरीब देशाच्या खिशास परवडले. यात योगायोगाचा भाग आहेच, परंतु सर्वस्वी योगायोग म्हणून ते सोडून देता येत नाही.

१९६२ मध्ये बूथ दांपत्य कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठात गेले. यंत्रनिर्मितीचा काळ बर्कबेकपुरता संपला. एव्हाना विद्यापीठांना यंत्र बांधण्याऐवजी विकत घेणे सोयीचे झालेच होते. विभाग मात्र राहिला, आणि पुढील दशकांत त्याचे मुख्य काम अन्य विषयांचे पदवीधर असलेल्या नोकरदारांना संध्याकाळी संगणकशास्त्र शिकविणे हे झाले. १९५७ मध्येच स्थापन झालेल्या ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या परीक्षा सुरू केल्या, तेव्हा देशभरच्या तांत्रिक महाविद्यालयांतही असे सायंवर्ग भरू लागले. आपल्याकडे १९८० नंतर मुंबई-पुण्यात संगणकाचे जे खाजगी वर्ग निघाले, तेथेही बँकेतील कारकून, वाणिज्य पदवीधर आणि कारखान्यातील पर्यवेक्षक कामावरून परस्पर येऊन बसत. त्या वर्गांतील पुष्कळांजवळ विद्यापीठीय मान्यता नव्हती आणि काहींजवळ पुरेशी यंत्रेही नव्हती. परंतु विद्यार्थ्याचा प्रकार तोच होता.

विद्यापीठ व राज्यसत्ता यांनी या विद्यार्थ्याकडे पाहण्याची दृष्टी स्थिर ठेविली नाही. १९८६ मध्ये अनुदानाच्या हिशेबात अर्धवेळ विद्यार्थ्याचे वजन घटविले गेले आणि बर्कबेकचे अस्तित्वच काही काळ धोक्यात आले. २००८ पासून, ज्याच्याजवळ त्याच पातळीची पदवी आधीच आहे त्याच्यासाठी मिळणारे सरकारी अनुदान इंग्लंडात बंद झाले; इतिहासाची पदवी घेऊन दहा वर्षे नोकरी केलेल्या आणि आता संगणक शिकू पाहणाऱ्या मनुष्यावर हा घाव थेट बसला. २०१२ मध्ये शुल्क वाढले, आणि त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत इंग्लंडातील अर्धवेळ विद्यार्थ्यांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. २०१५ मध्ये सरकारने आपल्या नियमास एक अपवाद केला. दुसऱ्यांदा पदवी घेऊ इच्छिणाऱ्या अर्धवेळ विद्यार्थ्यास शुल्कासाठी कर्ज मिळेल, मात्र मोजक्या विषयांपुरते. ते विषय अभियांत्रिकी, तंत्रविद्या आणि संगणकशास्त्र हे होते.

कॅथलीन बूथ तेव्हा हयात होत्या. २०२२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, कॅनडात त्यांचे निधन झाले.